दुतोंड्या मारुती आणि इलेक्ट्रॉनची गिरकी

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं, की नाशिककर क्युसेकचे आकडे ऐकतो, पण विचारतो एकच: मारुतीला कुठवर पाणी लागलंय? गुडघ्याला, कमरेला की छातीला? गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती ही आमची मोजपट्टी. अणूंच्या जगातही काही गोष्टी अशाच दुसऱ्याच्या अंगावरून ओळखाव्या लागतात. तिथे मारुतीच्या जागी सिलिकॉनची पट्टी असते, आणि मोजायचा असतो इलेक्ट्रॉनचा स्पिन.

इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा फिरतो असं आपण ऐकलेलं असतं. तसा तो फिरत नाही. पण भोवऱ्याकडे असतो तो कोनीय संवेग, म्हणजे गिरकीचा जोर, त्याच्याकडेही असतो. त्यालाच स्पिन म्हणतात, आणि तो नुसता कागदावरचा नाही. १९१५ साली आइन्स्टाइन आणि भौतिकशास्त्रज्ञ डी हास यांनी लोखंडी दांडी टांगून भोवतालच्या वेटोळ्यातून उलटसुलट प्रवाह सोडला. दांडीचं चुंबकत्व इलेक्ट्रॉनांमुळेच असतं; ते उलटलं की त्यांचा संवेगही उलटे आणि दांडीला किंचित पीळ बसे. एकेक पीळ नगण्य. म्हणून प्रवाहाची लय दांडीच्या लयीशी जुळवली, पोरं झोका चढवताना नेमक्या वेळी पाय मारतात तशी. गंमत अशी, की चुंबकत्व आणि संवेग यांच्या गुणोत्तराचा त्यांना अपेक्षित होता तोच आकडा मिळाला, आणि तो चुकीचा होता! इतरांच्या मोजणीत तो जवळपास दुप्पट निघाला. कोडं सुटलं ते १९२५ मध्ये स्पिनची कल्पना आल्यावर. आइन्स्टाइनलाही हवं तेच दिसू शकतं, याचा मला जरा दिलासाच वाटतो.

त्या दांडीत इलेक्ट्रॉनांची जत्रा होती. एकट्याला गाठलं २००४ मध्ये, आयबीएमच्या डॅनियल रुगर आणि सहकाऱ्यांनी. पट्टी ८५ मायक्रोमीटर लांब, जाडी अवघी १०० नॅनोमीटर, टोकाला चुंबकाचा कण. ती सेकंदाला सुमारे साडेपाच हजार वेळा थरथरते. खालच्या काचेतला एक स्पिन तिच्या तालात उलटत राहिला, की त्याच्या ओढीने तिची लय किंचित ढळते. ही ओढ न्यूटनच्या अब्जाव्या भागाच्याही अब्जाव्या भागाइतकी. थंडी उणे २७१ अंश सेल्सिअस, आणि मोजणीच्या एकेका बिंदूसाठी तेरा तास वाट पाहायची. दवाखान्यातल्या एमआरआयचं हे चुलत भावंड; तिथे अणुकेंद्रांचे स्पिन टिपतात.

मारुतीवरून पूर कळतो, पण मारुती हलवून पूर ओसरत नाही. इथे तेही जमतं. लोखंडी दांडी नुसती गरगर फिरवली तरी तिच्यात चुंबकत्व येतं, हे भौतिकशास्त्रज्ञ बार्नेट यांनी १९१५ मध्येच दाखवलं होतं. आता हालचालीने एकेका स्पिनलाही वळवता येतं. हिऱ्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन बसला आणि शेजारची जागा रिकामी राहिली, तर सराफाच्या लेखी ती खोट. भौतिकीवाल्याला मात्र नेहमीच्या तापमानातही टिकणारा स्पिन मिळतो. हिऱ्याची पट्टी थरथरली, की त्या खोटीभोवतीचे अणू ताणले-दाबले जातात आणि स्पिनच्या ऊर्जापातळ्या सरकतात. थरथर योग्य लयीत असेल तर स्पिन उलटतोही. तो उलटला हे कळतं कसं? हिरवा लेसर टाकला की खोट लाल उजळते, आणि उलटलेल्या स्पिनची लाली जरा फिकी असते.