रासेयोचा प्रतिनिधी: निवडलेला नव्हे, नेमलेला

महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेत राष्ट्रीय सेवा योजनेचाही (रासेयो) एक विद्यार्थी बसतो. तो मतं मागून तिथे पोचत नाही. प्राचार्य त्याला नेमतात.

विद्यार्थ्यांनी करायची समाजसेवा सक्तीची की स्वखुशीची, हा वाद या योजनेपेक्षा जुना. विद्यापीठीय शिक्षणावरच्या १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाचा कल स्वखुशीकडे होता. १९५९ मध्ये नेमलेल्या चिंतामणराव देशमुख समितीने मात्र नऊ महिने ते वर्षभराची सक्तीची सेवा सुचवली. खर्च आणि अंमलबजावणीचा डोंगर पाहून ती शिफारस बारगळली, आणि ते बरंच झालं. शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या योजना अभ्यासून पुन्हा स्वेच्छेचीच बाजू घेतली. चीन युद्धानंतर एनसीसी सक्तीची झाली होती; तिला पर्याय हवा, हे १९६७ च्या शिक्षणमंत्री परिषदेत पुढे आलं. अखेर २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत, ४० हजार स्वयंसेवकांसह रासेयो सुरू केली.

प्रतिनिधीची खुर्ची कायद्याने दिली. महाराष्ट्राच्या १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात खुल्या निवडणुका नव्हत्या. वर्गप्रतिनिधी गुणवत्तेवर यायचे आणि रासेयो, एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक यांचे प्रतिनिधी प्राचार्य नेमायचे. २०१६ च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या (निदान कागदावर), पण ही नेमणूक तशीच ठेवली.

प्रत्यक्षात या मुलाचं किंवा मुलीचं काम परिषदेपेक्षा वहीत जास्त असतं. शंभर जणांचं एकक, प्रत्येकाचे दोन वर्षांत २४० तास, शिवाय दत्तक गावातलं सात दिवसांचं शिबिर. श्रमदानाला कोण आलं, प्रभातफेरीला कोण झोपून राहिलं, कुणाचे किती तास भरले, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या, म्हणजे योजना सांभाळणाऱ्या प्राध्यापकांच्या, आधी त्यालाच ठाऊक. तास कमी पडले की प्रमाणपत्र अडतं, आणि मग विनवण्या सुरू होतात.

नेमणुकीमुळे पक्षांचे झेंडे शिबिरापासून लांब राहतात, हे मान्य. पण ‘सरांचा माणूस’ हा शिक्काही तिथूनच बसतो. स्वयंसेवकांनी आपल्यातली दोन-तीन नावं सुचवावीत आणि प्राचार्यांनी त्यांतूनच एक नेमावं, एवढं तर कायदा न बदलताही जमण्यासारखं आहे.