पडद्यामागचा दिवा : नवा टीव्ही घेण्याआधीची थोडी पार्श्वभूमी

गेल्या उन्हाळ्यात आमचा ३२ इंची टीव्ही अर्धाच मेला. आवाज खणखणीत, पडदा काळाकुट्ट. दुरुस्तीवाला आला, त्यानं खोलीची दारं लोटली आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला टेकवून तिरपा धरला. त्या बशीएवढ्या उजेडात बातम्या देणारी बाई दिसली. ओठ हलत होते, खाली पट्टी सरकत होती. "चित्र हाय भाऊ, दिवाच नाई," तो म्हणाला. पडद्यामागं एलईडीच्या पट्ट्या असतात आणि त्यातले दिवे दिवाळीच्या माळेसारखे एकापुढं एक जोडलेले असतात. एक उडाला की अख्खी ओळ अंधारात.

पट्ट्या बदलायच्या की नवा घ्यायचा, यावर घरात आठवडाभर खल चालला. तोवर मी दारव्ह्याला दोन दुकानं फिरून आलो. एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी, मिनी एलईडी अशी एकाच घरातली भावंडं वाटावीत अशी नावं तिथं ऐकली. प्रत्यक्षात यातली तीन एका कुळातली आहेत आणि एक अगदी परक्या कुळातलं. ते कुळ ओळखायला एकच प्रश्न पुरतो: उजेड कुठून येतो? त्या टॉर्चनं मला हाच प्रश्न शिकवला.

सुरुवात काचेच्या नळीपासून. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये कॅथोड किरणांची नळी बनवली, तीच पुढं टीव्हीची पिक्चर ट्यूब झाली. मागच्या निमुळत्या मानेतून इलेक्ट्रॉनचा झोत सुटतो, पुढच्या काचेला आतून लावलेल्या फॉस्फरवर आदळतो आणि तो ठिपका स्वतः चमकतो. आपल्याकडच्या पद्धतीत हा झोत एका चित्रासाठी ६२५ ओळी काढायचा, सेकंदाला २५ चित्रं. रंगीत ट्यूबच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की त्यातून लाल, हिरवे, निळे कण मोठे होऊन दिसायचे. आम्ही पोरं मुद्दाम ओलं बोट लावायचो आणि मार खायचो. ठिपका स्वतः चमकत असल्यानं कुठूनही पाहा, चित्र सारखंच. काळा भाग म्हणजे तिथं झोतच नाही. हे दोन गुण लक्षात असू द्या, पुढं त्यांचंच काम आहे.

आपल्या भागात ही नळी उशिरा पोचली. दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं १५ सप्टेंबर १९५९ ला, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला. १९७५-७६ मध्ये 'साइट' हा उपग्रहाचा मोठा प्रयोग झाला, त्यात सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत सार्वजनिक टीव्ही संच बसवले. तेव्हाचा मध्य प्रदेश होता, आंध्र होता, कर्नाटक होतं. महाराष्ट्र नव्हता. म्हणजे विदर्भाच्या सीमेला लागलेल्या राज्यांत गावकरी शाळेच्या आवारात टीव्ही पाहत होते आणि मधला आपला पट्टा रेडिओवरच होता. १९८२ च्या १५ ऑगस्टला दूरदर्शनवर रंग आला, नोव्हेंबरात दिल्लीचे आशियाई खेळ झाले. गावात खरी गर्दी मात्र त्या दशकाच्या शेवटी, रविवार सकाळच्या पौराणिक मालिकांनी जमवली. आमच्याकडं लाकडी शटरचा, कुलूपवाला कृष्णधवल संच एकाच घरी होता. लाइन गेली की १४ इंची छोटा संच ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावायचे, कारण तो १२ व्होल्टवर चालायचा. व्होल्टेज पडलं की मोठ्या संचाचं चित्र चारही बाजूंनी आकसायचं, म्हणून टीव्हीइतकाच मान स्टॅबिलायझरला होता.

आता दुसरं कुळ. त्याचा उगम गाजरात आहे, हे वाचून मीही हसलो होतो. प्रागमध्ये काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख राइनिट्झर गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलच्या एका संयुगावर प्रयोग करत होते. १८८८ मध्ये त्यांना दिसलं की ते दोनदा वितळतं: १४५.५ अंशांना गढूळ द्रव होतं आणि १७८.५ अंशांना एकदम नितळ. मधली गढूळ अवस्था म्हणजे द्रवस्फटिक, वाहतो द्रवासारखा पण कणांची मांडणी स्फटिकासारखी. ऐंशी वर्षं हे प्रयोगशाळेतलं कौतुकच राहिलं. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या गटानं त्यापासून चालणारा पडदा, म्हणजेच एलसीडी, दाखवला. मग घड्याळं आली, कॅल्क्युलेटर आले, बऱ्याच काळानं टीव्ही.

हा पडदा स्वतः काडीइतकाही उजेड देत नाही. दोन बाजूंना प्रकाश गाळणारे पापुद्रे असतात, एक उभ्या फटींचा, दुसरा आडव्या फटींचा समजा. नुसते समोरासमोर ठेवले तर उजेड अडतो. मधले द्रवस्फटिक प्रकाशाला पीळ देऊन पलीकडं काढतात, आणि वीज दिली की त्यांचा पीळ सुटतो, वाट बंद. प्रत्येक ठिपका म्हणजे एक चिमुकलं झडप. मागं दिवा सतत जळतो, पुढं लाखो झडपा उघडझाप करतात. आमच्या टीव्हीत झडपा शाबूत होत्या, दिवा गेला होता. म्हणून टॉर्च लावला तशी बाई दिसली.

आधी हा मागचा दिवा बारीक ट्यूबलाइटचा असे. पांढरी एलईडी करायला निळी एलईडी लागते, आणि तिनं कित्येक वर्षं घाम काढला. जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये ती भरपूर तेजस्वी करून दाखवली. त्यांना, इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांना २०१४ चं नोबेल मिळालं. २००९ च्या सुमारास टीव्हीमागच्या ट्यूब जाऊन एलईडी आल्या आणि कंपन्यांनी संचाचं नावच 'एलईडी टीव्ही' ठेवलं. पडदा तोच होता. दिवा बदलला म्हणून घराचं नाव बदलावं असा हा प्रकार. २०१७ पासून सॅमसंगनं रूढ केलेली 'क्यूएलईडी' त्याच पडद्यामागं क्वांटम डॉट्सचा, म्हणजे ठरावीक रंगात चमकणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा, पापुद्रा घालते; त्यानं रंग शुद्ध होतात, पण झडपा आणि मागचा दिवा कायम. मिनी एलईडीत दिवे बारीक आणि पुष्कळ, गटागटानं विझवता येणारे, म्हणून अंधार जास्त अंधारा दिसतो.

प्लाझ्माही मधे येऊन गेला. १९६४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात जन्मला, चित्र देखणं, पण जड आणि वीजखाऊ. २०१४ च्या सुमारास उत्पादन आटोपलं.

परकं कुळ म्हणजे ओएलईडी. १९८७ मध्ये कोडॅकच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थांचे पातळ थर वीज दिल्यावर नीट चमकतात हे दाखवलं. सोनीनं २००७ मध्ये ११ इंची टीव्ही काढला, एलजीनं २०१३ मध्ये ५५ इंची. इथं मागं दिवाच नाही. ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो. म्हणजे ब्राउन यांच्या नळीचे ते दोन गुण, कुठूनही सारखं चित्र आणि खरा काळा, शंभरावर वर्षांनी चपट्या अंगात परतले. किंमत मात्र अंगावर येणारी. शिवाय हे थर झिजतात, निळा सगळ्यात आधी, आणि उष्णतेनं लवकर. ज्या घरात दिवसभर एकच बातमी चॅनेल, तीच पट्टी आणि तोच लोगो, तिथं त्याचा डाग कायमचा उमटू शकतो. आमच्या टिनाच्या छपरीत मे महिन्यात काय होतं ते सांगायला नको. मी ओएलईडीचा नाद तिथंच सोडला.

'फोर के'चंही बघा. आम्ही पाहतो फ्री डिशवरचे साधे चॅनेल. त्यांचं चित्र पूर्ण धरलं तरी ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. फोर के पडद्यावर ८२,९४,४००. बरोबर वीसपट. वीसातला एक ठिपका आकाशातून येतो, बाकीचे एकोणीस टीव्ही अंदाजानं भरतो! मोबाइलच्या नेटवर क्रिकेट पाहणाऱ्या घराचा हिशेब वेगळा, त्यांना फोर केचा उपयोग होईल. करात मात्र फरक पडलाय: ३२ इंचांच्या वरच्या संचांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला.

वीज हा आमचा जुना शत्रू. नव्या संचांना कमी व्होल्टेज फारसं बाधत नाही. त्यांना मारतो तो न्यूट्रल तुटल्यावर घुसणारा दाब, किंवा डिशच्या केबलमधून उतरणारी वीज. स्टॅबिलायझरपेक्षा आभाळ गरजताच प्लग आणि केबल दोन्ही काढणं कामाचं.

शेवटी बाबूजींना घेऊन दुकानात गेलो. भिंतीवर पोपट आणि फळांच्या फोडी झगमगत होत्या. मी दुकानदाराला म्हटलं, भाऊ, हे राहू द्या, साधा सह्याद्री लावा. त्यानं सेटटॉप बॉक्स शोधून आणला. सह्याद्री लागताच समोरच्या दोन संचांतला फरक निम्मा झाला. बाबूजी समोरच्या खुर्चीवर बसलेच नाहीत. घरी त्यांची बाज दाराशी आडवी असते, तसे ते बाजूला भिंतीला टेकून उभे राहिले आणि पहिल्या संचाकडं पाहून म्हणाले, "इथून त सारेच चेहरे पांढरे दिसून रायले."

दोन्ही संच एलसीडीच, पण द्रवस्फटिकांची मांडणी वेगळी. पहिल्यात व्हीए पॅनल होतं, समोरून गडद आणि बाजूनं फिकं. दुसऱ्यात आयपीएस, काळा जरा राखाडी पण कडेनंही चेहरे जागेवर. आमच्या घरात टीव्हीसमोर सरळ बसणारं कुणी नाही. दुसरा घेतला. जुन्यात पट्ट्या टाकून तो आता आजीच्या खोलीत चालतो.