वाळवीचं औषध सावकाश का चालतं?

चौकटीवर मातीची नळी दिसली की हात आधी रॉकेलच्या बाटलीकडे जातो. कळकळीची विनंती, तेवढं करू नका. का, ते वाळवीच्या पोटात डोकावल्यावर कळेल.

वाळवी लाकूड कुरतडते, पण ते नीट पचवणं तिला एकटीला जमत नाही. आपल्या घरांत सापडणाऱ्या कॉप्टोटर्मिस वाळवीच्या आतड्याच्या मागच्या फुगीर भागात एकपेशीय जीव ठासून भरलेले असतात. तिथला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की असंख्य केसांसारखे तंतू हलवत फिरणारे हे जीव दिसतात. त्यांच्या अंगात गिळलेले लाकडाचे कण असतात. ते सेल्युलोज फोडतात आणि त्यातून जे ॲसिटेट बनतं, त्यावर वाळवी जगते. लाकडात नत्र अगदी कमी, ती तूट पोटातले जीवाणू भरून काढतात.

१९२०च्या दशकात अमेरिकेत लेम्युएल क्लीव्हलँड यांनी वाळवीच्या पोटातले हे एकपेशीय जीव मारून पाहिले. वाळवी लाकूड खात राहिली आणि तरी उपाशी मेली. जीव पुन्हा पोटात सोडले, तेव्हा ती जगली.

आम्ही घरातल्या वाळवीचा बंदोबस्त करतो; आमच्या कामाचा मुद्दा पुढे आहे. कात टाकताना वाळवीच्या आतड्याचं अस्तरही गळतं आणि हे जीव त्याबरोबर जातात. मग सोबतिणीच्या गुदद्वारातून येणारा रस चाटून ते परत मिळवावे लागतात. ऐकायला किळसवाणं, पण अख्खी वसाहत या देवाणघेवाणीवर उभी आहे.

(बांधावर वारुळं करणारी वाळवी वेगळी. तिच्या पोटात हे एकपेशीय जीव नसतात, ती वारुळात बुरशी पिकवते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी त्याच बुरशीची. अन्न वाटून खाणं मात्र तिच्यातही आहे.)

रॉकेलने समोरच्या चार मरतात, बाकीच्या दुसरीकडून वाट काढतात. आम्ही भिंत आणि फरशीच्या सांध्यात साधारण ३० सेंटिमीटरवर १२ मिलिमीटरची भोकं पाडून इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक सोडतो. त्याचा वास वाळवीला जाणवत नाही, ती लगेच मरतही नाही. त्यामुळे अंगाला लागलेलं औषध चाटण्या-भरवण्यातून इतरांपर्यंत जातं. काम झाल्यावर काही दिवस वाळवी हलताना दिसली तर घाबरू नका आणि वर दुसरा स्प्रे मारू नका. त्याच्या वासाने ती औषधापासून लांब जाते.

आम्ही येईपर्यंत नळी मोडू नका, मोबाइलवर फोटो काढून पाठवा. कपाटं भिंतीपासून हातभर सरकवून ठेवा. औषध सुकेपर्यंत मुलांना आणि मांजरांना त्या खोलीत सोडू नका.