एलसी-३ असेंब्लर (कमांड लाइनवरचा)

एलसी-३ म्हणजे लिटिल कम्प्युटर ३. हे दुकानात मिळणारं मशीन नाही, कॉलेजात शिकवायला म्हणून येल पॅट आणि संजय पटेल या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी बेतलेलं १६ बिटचं छोटंसं मशीन आहे आणि ते बहुतेक वेळा सिम्युलेटरमध्येच चालतं. त्याच्यासाठी लिहिलेला असेंब्ली कोड मशीनच्या आकड्यांत बदलून देणारा टर्मिनलवरचा प्रोग्राम म्हणजे एलसी३एएस. तो एलसी३टूल्स नावाच्या संचात येतो, इलिनॉय युनिव्हर्सिटीच्या स्टीव्हन लुमेटा यांनी लिहिलाय आणि फुकट आहे. जीसीसी (सी भाषेचा कंपायलर), फ्लेक्स वगैरे टूल असतील तर लिनक्सवर कॉन्फिगर, मेक एवढ्यावर काम होतं.

मशीन फारच आटोपशीर आहे: आर० ते आर७ अशी आठ रजिस्टर (प्रोसेसरमधल्या आकडे ठेवायच्या जागा), मेमरीत १६-१६ बिटच्या ६५,५३६ जागा, आणि ऑपकोड (कुठली इन्स्ट्रक्शन ते सांगणारा भाग) चार बिटचा म्हणून १६ इन्स्ट्रक्शन, त्यातली पण एक (११०१) रिकामीच ठेवलेली. वजाबाकीची इन्स्ट्रक्शनच नाही, नॉट करा (सगळे बिट उलटे करा), एक मिळवा आणि मग ॲड करा! सुरुवातीला वैताग येतो, पण टू'ज कॉम्प्लिमेंट (ऋण आकडे लिहायची पद्धत) कायमचं डोक्यात बसतं ते यामुळंच.

वापरायची पद्धत साधी. कुठल्याही एडिटरमध्ये कोड लिहायचा, .एएसएम एक्स्टेन्शननं सेव्ह करायचा आणि टर्मिनलवर एलसी३एएस आणि पुढं फाइलचं नाव टाकायचं. पहिल्या पासमध्ये (फेरीत) किती एरर, दुसऱ्यात किती एवढंच तो सांगतो, आणि सगळं नीट असेल तर दोन फाइल पडतात, .ओबीजे म्हणजे मशीन कोड आणि .एसवायएम म्हणजे लेबलांची (मेमरीतल्या जागांना दिलेल्या नावांची) यादी. मग एलसी३सिम हा सिम्युलेटर चालू करून त्यात फाइल कमांडनं प्रोग्राम लोड करायचा आणि कंटिन्यू, किंवा स्टेप करत एकेक ओळ बघत जायचं.

आता हा सगळ्यात छोटा प्रोग्राम घ्या:

.ओरिग एक्स३०००
लीआ आर०, नाव
पुट्स
हॉल्ट
नाव .स्ट्रिंगझेड "राम" (इंग्रजी तीन अक्षरांत)
.एंड

याची .ओबीजे फाइल बरोब्बर १६ बाइटची होते, एक्सएक्सडीनं (फाइलमधले बाइट हेक्स आकड्यांत दाखवणारा प्रोग्राम) उघडून बघा:

३० ०० ई० ०२ एफ० २२ एफ० २५ ०० ५२ ०० ६१ ०० ६डी ०० ००

पहिले दोन बाइट म्हणजे प्रोग्राम मेमरीत कुठं ठेवायचा तो पत्ता, ३०००. मग ई००२ ही लीआ (लेबलाचा पत्ता रजिस्टरमध्ये टाकणारी इन्स्ट्रक्शन), तिच्यातला २ कुठून आला? तर इन्स्ट्रक्शन चालते तेव्हा पीसी (पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता धरणारा प्रोग्राम काउंटर) आधीच ३००१ वर गेलेला असतो आणि नाव आहे ३००३ वर, म्हणून फरक २. एफ०२२ म्हणजे पुट्स (मजकूर छापा), एफ०२५ म्हणजे हॉल्ट (थांबा), दोन्ही खरं तर ट्रॅपच (सिस्टीमच्या तयार कोडला बोलावणं) आहेत, असेंब्लर फक्त सोयीचं नाव देतो. पुढं तीन अक्षरं आणि शेवटी शून्य, एकेका अक्षराला अख्खे १६ बिट. उधळपट्टी आहे, पण वाचायला किती सोपं! मोठ्या प्रोसेसरच्या असेंब्लरचं आउटपुट असं बोट ठेवून वाचता येत नाही, आणि माझ्या मते या टूलची खरी किंमत इथंच आहे.

हॉल्ट लिहायचं राहिलं तर गंमत होते. मशीन सरळ पुढं जाऊन अक्षरंच इन्स्ट्रक्शन समजून चालवतं, पण ००५२ चा ऑपकोड ०००० म्हणजे ब्रँच (दुसरीकडं उडी), आणि त्यातले एन, झेड, पी (आधीचं उत्तर ऋण, शून्य की धन असताना उडी मारायची ते सांगणारे) तिन्ही बिट शून्य, म्हणजे कधीच न होणारी ब्रँच. त्यामुळं कसलीही बोंब न मारता ते सगळी अक्षरं ओलांडतं आणि पुढं मेमरीत जे काय पडलं असेल ते चालवत सुटतं.

दोन पास का, हे पुणे विद्यापीठात कम्प्युटर इंजिनीअरिंग केलेल्यांना सांगायला नको, टीईला (तिसऱ्या वर्षाला) स्यूडो, म्हणजे काल्पनिक, मशीनसाठी टू पास असेंब्लर लिहायचं प्रॅक्टिकल असतंच. वर लीआमध्ये नाव वापरलंय पण ते कुठं आहे हे तीन ओळींनंतर कळतं, म्हणून पहिल्या फेरीत नुसते पत्ते मोजून लेबलांची यादी करायची आणि दुसऱ्या फेरीत कोड बनवायचा. फक्त आपल्याकडच्या प्रॅक्टिकलमध्ये आउटपुट फाइलीत लिहिलं की काम संपतं, ते चालवून कुणी बघत नाही. इथं चुकीचा आकडा पडला तर सिम्युलेटर लगेच तोंडघशी पाडतो. पहिल्या पासमध्ये एरर असेल तर एलसी३एएस दुसऱ्याला हातच लावत नाही.

नेहमीच्या एरर बहुतेक रेंजच्या असतात. ॲडमध्ये थेट आकडा द्यायला पाचच बिट, म्हणून -१६ ते १५ च्या आतच हवा. एलडी (मेमरीतून वाचणारी), लीआ, ब्रँच यांना नऊ बिट, त्यामुळं पीसीपासून लेबल -२५६ ते २५५ च्या आतच हवं. कोडच्या मधोमध मोठी ब्लॉकडब्ल्यू (रिकामी जागा राखणारी ओळ) घातली की खालची लेबलं हाताबाहेर जातात, ती शेवटी ढकला.

आणखी एक, आर७ जपा. इथं प्रत्येक ट्रॅप परतीचा पत्ता आर७ मध्ये टाकतो, म्हणजे सबरूटीनमध्ये (बोलावून परत यायच्या कोडच्या तुकड्यात) पुट्स वापरलं की तिचा स्वतःचा परतीचा पत्ता गेला, आधी एसटीनं (मेमरीत ठेवणारी इन्स्ट्रक्शन) बाजूला ठेवायचा आणि रेटच्या (परत फिरणारी इन्स्ट्रक्शन) आधी परत आणायचा. पॅट आणि पटेल यांच्या मूळ पाठ्यपुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत हे बदललंय, तिथं ट्रॅप स्टॅक (मेमरीतली एकावर एक रचायची जागा) वापरतो, तेव्हा नव्या आवृत्तीचा कोड जसाच्या तसा या जुन्या टूलवर चालवायला जाऊ नका.