कंदात फूल तयार असतं, मग ते वर का येत नाही?

उष्ण प्रदेशातल्या बागेत हौसेनं ट्यूलिप लावला की बहुतेक वेळा पदरी निराशाच येते. कंद रुजतो, पानं फुटतात, पण कळी मातीलगत पानांतच अडकून राहते किंवा न उमलताच सुकते. मग खत बदलून पाहिलं जातं, पाणी वाढवलं जातं. दोष मात्र या दोन्हींचा नसतो.

उन्हाळ्यात निपचित पडलेला हा कंद आतून कामात असतो. साधारण १७ ते २० अंश सेल्सिअसच्या उबेत त्याच्या पोटात पुढच्या हंगामाचं फूल घडतं. पाकळ्या, पुंकेसर, सगळं काही इवल्याशा आकारात तयार होतं. म्हणजे फूल घडायला थंडी लागत नाही. थंडी लागते ती दांडा लांबायला! पाच ते नऊ अंशांच्या गारठ्यात १२ ते १६ आठवडे गेले की कंदातल्या पिष्टाची साखर होऊ लागते आणि पुढे ऊब मिळताच दांड्याच्या पेशी झपाट्यानं लांबतात. मध्य आशियाच्या डोंगरांतून आलेल्या या झाडाला हा संयम हवाच होता. हिवाळ्यातल्या चार उबदार दिवसांना वसंत समजून ते वर आलं असतं, तर पुढच्या बर्फात गेलं असतं.

म्हणून गरम हवेत ट्यूलिपचे कंद आधी फ्रिजमध्ये ठेवतात. तिथे शेजारी सफरचंद किंवा पिकती फळं अजिबात नकोत. त्यांतून सुटणारा इथिलीन वायू कंदातली कळी मारतो. एवढं करूनही असा कंद पुढच्या वर्षी क्वचितच फुलतो. इराणपासून पश्चिम हिमालयापर्यंत आढळणारा ‘ट्यूलिपा क्लुसियाना’ हा रानट्यूलिप त्यातल्या त्यात कमी थंडीवर भागवतो.

मला विचाराल तर ज्यांना थंडीची वाटच पाहावी लागत नाही, अशी फुलं निवडावीत. पांढरा, गुच्छानं फुलणारा पेपरव्हाइट नार्सिसस गारठ्याशिवाय फुलतो. फ्रीझियाला सौम्य हिवाळा पुरतो. फ्लॉक्स आणि लार्कस्पर यांचं बी मात्र उन्हाळा ओसरल्यावर गार मातीत पेरावं. वसंतात पेरलं तर रोपं अंग धरण्याआधीच उन्हात होरपळतात.

या सगळ्यांत माझं आवडतं अ‍ॅमरिलिस, वनस्पतिशास्त्रात ज्याला हिप्पिएस्ट्रम म्हणतात ते. हे मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. त्याला गारठा नको, आठ-दहा आठवड्यांची कोरडी विश्रांती पुरते. त्याच्या कंदाचं गणित फार सुंदर आहे: वाढताना चार पानं झाली की एक फुलांचा दांडा, पुन्हा चार पानं, पुन्हा एक दांडा. फुलं सरल्यावर बाग नीटनेटकी दिसावी म्हणून ही हिरवी पानं छाटली, तर कंदाचं पोषण तुटतं आणि पुढचा दांडा आतच खुरटतो. ती आपणहून पिवळी पडेपर्यंत त्यांना कात्री लावू नये.