चौथी डिस्क घालताना भिंत पुन्हा रचावी लागते

मेअखेर लग्नसराई संपते तेव्हा कुडाळ-चिपळूणकडच्या फोटो स्टुडिओंतला नॅसचा डबा, म्हणजे नेटवर्कवरून वापरायचा अनेक डिस्कांचा साठवणीचा डबा, काठोकाठ आलेला असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात नवी डिस्क येते आणि रिकाम्या कप्प्यात सरकवली जाते. समजूत अशी, की कपाटात एक फळी वाढवली. त्याच आठवड्यात पहिला जोराचा पाऊस येतो, माडाची झावळ तारेवर पडते आणि वीज जाते.

फळीची ही समजूत मुळातच चुकीची आहे.

तीन डिस्कांचा रेड-५ पूल, म्हणजे एक डिस्क मेली तरी माहिती टिकवणारा डिस्कांचा एकत्रित साठा घ्या आणि डोळ्यांसमोर जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत आणा. प्रत्येक थरात तीन चिरे, प्रत्येक डिस्कवर एक. दोन चिऱ्यांवर माहिती, तिसऱ्यावर त्या दोघांचा ताळा, म्हणजे पॅरिटी. एका चिऱ्यावर १०११ आणि दुसऱ्यावर ०११० असेल तर ताळा येतो ११०१: समोरासमोरचे अंक सारखे असतील तिथे ०, वेगळे असतील तिथे १. आता पहिली डिस्क मेली. उरले ०११० आणि ११०१. त्यांवर तीच क्रिया करा, १०११ परत मिळतं. इतक्या साध्या हिशेबावर एक अख्खी डिस्क पुन्हा उभी राहते, हे कितीही वेळा पाहिलं तरी सुंदरच वाटतं.

चौथी डिस्क आली की प्रत्येक थरात माहितीचे तीन चिरे आणि एक ताळा हवा. जादा चिरा येणार कुठून? पुढच्या थरातून. म्हणजे पहिल्या थरात १, २, ३ क्रमांकाचे चिरे, दुसऱ्यात ४, ५, ६, असं करत सबंध भिंत उतरवून पुन्हा रचायची आणि प्रत्येक थराचा ताळा नव्याने मांडायचा. नवा शंभरावा थर रचताना २९८, २९९ आणि ३०० हे चिरे लागतात. ते जुन्या १४९ व्या आणि १५० व्या थरांत असतात. ज्या जागेवर लिहायचं, त्या जुन्या शंभराव्या थरातले १९९ आणि २०० तोवर नव्या ६७ व्या थरात सुखरूप पोचलेले असतात. वाचणारी जागा पुढे पळत राहते, लिहिणारी मागून येते, म्हणून जुनं पुसलं तरी काही हरवत नाही.

अपवाद अगदी सुरुवातीचा. पहिला थर लिहिताना ज्यांच्यावर लिहायचं ते १ आणि २ अजून तिथेच असतात, त्यांची दुसरी प्रत कुठेच नसते. घरगुती नॅसपैकी बहुतेक लिनक्सची एमडी प्रणाली वापरतात. ती या सुरुवातीच्या भागाची प्रत आधी वेगळ्या जागी ठेवते आणि मग हात घालते. काम कुठवर आलं याची नोंदही डिस्कांवर ठेवली जाते, त्यामुळे वीज गेली तरी काम तिथून पुढे सुरू होऊ शकतं. मात्र त्या क्षणी थर अर्धवट लिहिला गेला असेल, माहिती नवी आणि ताळा जुना, आणि नेमकी तेव्हाच एक डिस्क गेली, तर त्या थराचा हिशेब चुकीचं उत्तर देतो.

वेळेचा अंदाज करा. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने एकदा सरळ वाचायलाच सुमारे साडेसात तास लागतात. इथे वाचायचंही आहे, लिहायचंही आहे, आणि दोन जागांमधलं अंतर वाढत जातं तशी डिस्कच्या हेडची धावपळही वाढते. दीड ते तीन दिवस धरून चाला. तेवढा काळ यूपीएस हवाच, आणि त्याची यूएसबी वायर नॅसला जोडलेली हवी. घरच्या इन्व्हर्टरला अशी वायर नसते. बॅटरी संपत आल्याचं डब्याला कळतच नाही आणि तो धाडकन बंद पडतो. जमलं तर हे काम मृगाच्या आधी उरका, नाहीतर दिवाळीपर्यंत थांबा.

सुरू करण्याआधी तीन गोष्टी: बॅकअप, जुन्या डिस्कांच्या तब्येतीचा ‘स्मार्ट’ अहवाल आणि पूर्ण स्क्रबिंग, म्हणजे सगळे थर वाचून ताळे पडताळणं. अहवालात ‘करंट पेंडिंग सेक्टर’, म्हणजे डिस्कला नीट वाचता न आलेल्या जागांचा आकडा, शून्य नसेल तर आधी ती डिस्क बदला. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल सगळ्या डिस्कांवरून एकदमच पुसली जाते.

बंद पडलेली डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की सुरू होते, असा तोडगा अजूनही सांगितला जातो. तो करू नका. जुलैतल्या दमट हवेत थंडगार डिस्क बाहेर काढली की काही मिनिटांत तिच्यावर दव धरतं. साध्या डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून हा ओलावा आतल्या तबकड्यांपर्यंत पोचू शकतो.

आता कुठली डिस्क चालते ते. नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजी कंपनीने २०२५ च्या एप्रिलमध्ये प्लस मालिकेच्या नव्या डब्यांवर आपल्या मान्य यादीबाहेरच्या डिस्कांना अटकाव केला आणि ऑक्टोबरात डीएसएम ७.३ या आपल्या कार्यप्रणालीसोबत तो बराचसा सैल केला. यादीवरून बराच वाद झाला, पण विकत घेताना खरं पाहायचं ते डिस्क सीएमआर आहे, म्हणजे माहितीच्या पट्ट्या सुट्या-सुट्या लिहिणारी, की एसएमआर. एसएमआर डिस्कवर माहितीच्या पट्ट्या मंगलोरी कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली कौलंही उचलावी लागतात, तसं इथे एक पट्टी बदलायला पुढच्या पट्ट्या पुन्हा लिहाव्या लागतात. रोजच्या वापरात हे जाणवत नाही, पण सलग दोन दिवस लिहायची वेळ आली की वेग कोसळतो, डिस्क वेळेत उत्तर देत नाही आणि डबा तिला मेलेली समजून पुलातून बाहेर काढतो.

आकारही जुळायला हवा. रेड-५ मध्ये सगळ्यात लहान डिस्कच मोजली जाते. ४, ४, ४ मधली एक काढून ८ ची घातली तर वापरायची जागा ८ टीबीच राहते. तिन्ही ८ च्या झाल्यावर ती १६ होते. सिनॉलॉजीच्या एसएचआरसारख्या, वेगवेगळ्या आकारांच्या डिस्का जुळवून घेणाऱ्या मिश्र पद्धतीत दुसरी ८ ची आल्यावरच १२ टीबी मिळतात. दर वेळी एकच डिस्क बदला, आणि पुनर्बांधणी पूर्ण झाल्याशिवाय पुढचीला हात लावू नका.

सगळं पार पडूनही फोल्डरमध्ये जागा वाढलेली दिसत नसेल तर घाबरू नका. पूल वाढला, पण त्यावरचा व्हॉल्यूम, म्हणजे फायली ठेवायला आखलेला भाग, काही डब्यांत वेगळा वाढवावा लागतो. फक्त जुन्या डब्यांत एक अडचण आहे: व्हॉल्यूम ३२ बिटांच्या ब्लॉक क्रमांकांवर बनवलेला असेल तर ४ केबीच्या ब्लॉकांनी तो १६ टेबिबाइटवर (सुमारे १७.६ टीबी) अडतो. तिथे सहसा सगळी माहिती बाहेर काढून व्हॉल्यूम नव्याने बनवावा लागतो, म्हणून नवी डिस्क मागवण्याआधीच हा आकडा तपासून घ्या.