ताप गेला, मग केस का जातात?

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने नागपूरला झोडपून काढलं. मेयो, मेडिकल या सरकारी रुग्णालयांत खाट मिळत नव्हती. त्यातून वाचलेली विशी-पंचविशीतली पोरं जून-जुलैत वेगळ्याच काळजीत पडली. मोरीच्या जाळीवर केसांचा पुंजका, उशीवर केस, फणीत मूठभर गुंतवळ. आजार तोवर मागे पडलेला, त्यामुळे खापर फुटलं बोअरच्या पाण्यावर, हेल्मेटवर, नव्या शाम्पूवर.

आपल्या आज्यांनी असा घोळ घातला नसता. त्यांच्या काळी टायफॉइड म्हणजे मुदतीचा ताप, तीन-चार आठवडे न उतरणारा. त्यातून उठलेल्या माणसाचे केस जातात आणि परत येतात, हे तेव्हा घराघरांत माहीत असे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानंतरही असे केस गळल्याच्या नोंदी आहेत. १९४८ पासून क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाने टायफॉइड लवकर आटोक्यात येऊ लागला. मला वाटतं, मुदतीच्या तापासोबत ही जाणही घराबाहेर गेली.

या गळतीला टेलोजेन एफ्लुव्हियम हे नाव अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये दिलं. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले ८५ ते ९० टक्के वाढत असतात, बाकीचे बहुतेक विश्रांतीत. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणं नेहमीचंच. जोराचा ताप आला, की वाढणाऱ्यांपैकी पुष्कळ केस एकदमच विश्रांतीत जातात. तिथे ते दोन-तीन महिने नुसते टिकून राहतात आणि मग एकत्र गळतात. आज हातात आलेल्या केसाची वाढ तापाच्या दिवसांतच थांबलेली असते. तेल बदलून तो कसा थांबणार? कोरोनात ही गळती काहींना जरा लवकरच सुरू झाली.

माझ्या भाचीला घेऊन आम्ही धंतोलीत डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पन्नासेक केस चिमटीत धरून हलकेच ओढले. दहा-बारा हातात आले, प्रत्येकाच्या टोकाला पांढरी बारीक गाठ. ती रडायलाच लागली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?" मग हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइडच्या तपासण्या लिहून दिल्या, कारण रक्त कमी असेल तर गळती लांबते. आजारपणात पोटात काही जात नाही, वजन उतरतं, त्याचाही भार केसांवर पडतो.

डेंग्यूनंतर हेच होतं, चिकुनगुनियानंतरही. २०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात चिकुनगुनियाची साथ आली होती, तेव्हा सांधे धरलेल्या तरुण मुलींना नंतर केसांचीही धास्ती बसली. गोल चकती पडली, तर ती चाई. तिचं कारण निराळं आणि उपचारही निराळे. तापानंतरची गळती सगळ्या डोक्यावर सारखी असते आणि बहुतेकांची सहा महिन्यांत थांबते. केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. भाचीच्या कपाळावर दिवाळीत बोटभर उभे केस दिसले, वेणी पहिल्यासारखी व्हायला मात्र पुढची दोन वर्षं गेली.